जुनी पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायची, तर सुरुवात कुठून करायची?

पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. कसारा लोकलच्या गर्दीत ऐकणं जमत नाही असं सांगणारे बरेच आहेत, त्यांच्यासाठी. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, मधले "अं" आणि "काय म्हणत होतो मी" तेवढे गाळलेत.

आजचा विषय जुन्या गाड्या. महाराजांच्या रोल्स रॉइसचं आज काही काम नाही. आज बोलायचंय काकांच्या, शेजारच्या डॉक्टरांच्या, कुणाच्या तरी लग्नात नवरदेवाला घेऊन गेलेल्या गाडीबद्दल. म्हणजे मुख्यतः प्रीमियर पद्मिनीबद्दल. मी टिटवाळ्यात राहतो, आठवडाभर सॉफ्टवेअर लिहितो आणि रविवारी मामाच्या पद्मिनीखाली आडवा झालेला असतो. तेव्हा एका हौशी माणसाने दुसऱ्याला सांगितलेल्या गोष्टी समजून ऐका.

निमित्त एका मेसेजचं आहे. डोंबिवलीच्या एक ताई. वडिलांची १९८८ ची पद्मिनी बिल्डिंगच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. वडील गेले तेव्हापासून, म्हणजे बारा वर्षं, ती जागची हललेली नाही. आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीये आणि दिवाळीपर्यंत आवार रिकामं करायचंय. भंगारवाला दोनदा येऊन गेला. एक पेंटर म्हणतो, द्या माझ्याकडे, नवीकोरी करून देतो. आई म्हणते, विकायची नाही. ताई विचारतायत, काय करू?

अशा अवस्थेतल्या बऱ्याच गाड्या आपल्याकडे आहेत. म्हणून हा भाग.

गाडी आपल्याच पट्ट्यातली आहे

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. कारखाना कुर्ल्याला. फियाटची ११०० ही गाडी इटलीत १९५३ मध्ये नव्या रूपात आली आणि लवकरच कुर्ल्यातही बनू लागली. पन्नाशीच्या दशकातल्या त्या गोलमटोल मॉडेलला आपल्या लोकांनी "डुक्कर फियाट" असं प्रेमाचं नाव दिलं. १९६४ मध्ये ११०० डिलाइट आली, आणि सत्तरच्या दशकात त्याच गाडीचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं. इटलीत ११०० चं उत्पादन १९६९ मध्ये थांबलं. आपल्याकडे ती जवळजवळ शतक संपेपर्यंत बनत राहिली.

आज कुर्ल्याच्या त्या जागेवर कोहिनूर सिटी उभी आहे. आणि आपल्या कल्याण-शीळ रस्त्यावरचं प्रीमियर मैदान, प्रीमियर कॉलनी, ही नावं याच कंपनीची. नव्वदच्या दशकात पाल-प्यूजोची ३०९ कंपनीच्या कल्याणच्या कारखान्यात जोडली जायची. म्हणजे ताईंच्या घराजवळून जाणाऱ्या रस्त्यालाच या गाडीचा इतिहास चिकटलेला आहे.

आता एक तारीख लक्षात ठेवा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षं. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनीची काळी-पिवळी अधिकृतपणे उरली नाही.

लोकांनी त्या दिवशी फोटो काढले, हळहळ व्यक्त केली. पण गाडी बाळगणाऱ्यासाठी या तारखेचा अर्थ वेगळा आहे. हजारो टॅक्सी रोज धावत होत्या, म्हणून क्लच प्लेट, ब्रेक किट, वॉटर पंप हे सगळं बनत होतं आणि विकलं जात होतं. टॅक्सीवाल्यांच्या जिवावर मिस्त्री जगत होते. आता ती मागणी गेली. पार्ट आणि हात, दोन्ही दरवर्षी कमी होणार. "बघू पुढे कधीतरी" असं म्हणण्याला आता किंमत मोजावी लागते.

रिस्टोर म्हणजे नक्की काय?

रिस्टोरेशन म्हटलं की डोळ्यांसमोर चकचकीत रंग येतो. खरं तर यात तीन वेगवेगळी कामं आहेत आणि ती आधी वेगळी केली की निम्मा गोंधळ संपतो.

पहिलं, जपणं. आहे ते आहे तसं ठेवायचं, आणखी खराब होऊ द्यायचं नाही. दुसरं, चालती करणं. गाडी सुरक्षितपणे थांबली पाहिजे, वळली पाहिजे, चालली पाहिजे. तिसरं, पूर्ववत करणं. म्हणजे कारखान्यातून निघाली तशी दिसायला हवी.

लाल बहादूर शास्त्रींनी १९६४ मध्ये बँकेचं कर्ज काढून घेतलेली फियाट दिल्लीत त्यांच्या स्मारकात ठेवलेली आहे. त्या गाडीचं मोल रंगात नाही, ती तीच गाडी आहे यात आहे. आपल्या घरच्या गाडीलाही हेच लागू होतं. वडिलांच्या हाताने गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग आणि डॅशबोर्डवर चिकटवलेला छोटा गणपती "नवीकोरी"च्या नादात गेला, तर दुकानात मिळेल अशी एक सुंदर जुनी गाडी हातात उरते. घरची गाडी जाते.

म्हणून पहिला प्रश्न पैशाचा नसतो. मला यातलं काय ठेवायचंय, हा असतो. एका कागदावर लिहा. अक्षरशः लिहा.

क्रम: थांबणं, चालणं, दिसणं

या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: आधी थांबणं, मग चालणं, शेवटी दिसणं.

बहुतेक लोक उलटं करतात. गाडी आधी पेंटरकडे जाते, कारण रंगाचा फरक लगेच दिसतो. काचा, रबर, ट्रिम, बंपर, सगळं खोलून पोत्यात भरलं जातं. सहा महिन्यांनी पैसे संपतात. पोती इकडून तिकडे होतात. कुठला स्क्रू कुठला हे कुणालाच आठवत नाही. आणि जी गाडी धड होती ती आता सुट्या भागांचा ढीग असते. कल्याण-उल्हासनगर पट्ट्यात कुठल्याही जुन्या गॅरेजच्या मागे बघा, अशी एखादी गाडी दिसेलच.

आमच्या धंद्यात याला ओळखीचं नाव आहे. जुना कोड चालतोय, पण घाणेरडा दिसतो, म्हणून कुणीतरी म्हणतं की सगळं नव्याने लिहू. अनुभवी माणूस म्हणतो, थांब. एका वेळी एकच बदल कर, तपास, मग पुढे जा. गाडीलाही तेच. पॉइंट बदलले आणि त्याच दिवशी कार्ब्युरेटरही खोलला, आणि गाडी मिसिंग करायला लागली, तर दोष कशात हे सांगता येत नाही. एक काम, एक चक्कर, एक नोंद. गाडी प्रत्येक टप्प्यावर गाडीच राहिली पाहिजे.

पद्मिनी याला फार सोयीची आहे. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, साधारण ४० हॉर्सपॉवर. कार्ब्युरेटर, मागच्या चाकांना ताकद, मागे कमानपाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि बहुतेक मॉडेलना स्टिअरिंगला गिअर. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. जे बिघडलंय ते डोळ्यांना दिसतं, कानाला ऐकू येतं किंवा नाकाला वास येतो.

बारा वर्षं उभी असलेली गाडी

सगळ्यात आधी काय करायचं नाही ते सांगतो. नवी बॅटरी लावून सेल्फ मारायचा नाही. यूट्यूबवर ते मस्त दिसतं. पण इतकी वर्षं उभ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंती कोरड्या असतात, रिंगा चिकटलेल्या असू शकतात. जोर लावून फिरवलं तर ओरखडे पडतात आणि मग लेथवाल्याकडे बोअरिंगचा खर्च.

त्याऐवजी चारही प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचा-दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि दोन-तीन दिवस विसरून जा. मग प्लग काढलेलेच ठेवून, इग्निशन बंद ठेवून, टॉप गिअर टाकून गाडी पुढे-मागे हलकेच ढकला. इंजिन मोकळं फिरलं तर अर्धी लढाई जिंकली. नाही फिरलं तर पुन्हा तेल, पुन्हा वाट. घाई नाही.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. त्याला वॉर्निशसारखा वास येतो, तळाशी गंजाचा गाळ असतो. इथे एक इशारा: रिकामी पेट्रोल टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ असते. "जरा वेल्डिंगचा टाका मारू" असं कुणी म्हणालं तर टाकी हातात देऊ नका. आधी नीट धुऊन वाफमुक्त करणाऱ्या माणसाकडेच द्या. टाकी आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक फिल्टर लावा. किती कचरा येतोय हे दिसत राहतं.

मग ब्रेक. इंजिन चालू होण्याआधी ब्रेक, हे मुद्दाम सांगतोय. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. त्या पाण्याने मास्टर सिलिंडर आणि चाकांचे सिलिंडर आतून गंजतात, रबर फुगतं. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये ब्रेकचं सर्किट एकच असायचं. म्हणजे एका चाकाचं रबर फाटलं की पेडल थेट जमिनीला. चारही चाकांची किट, रबरी होज आणि तेल एकदमच बदला. खर्चाच्या मानाने जीव वाचवणारं काम हेच.

ब्रेक ड्रम उघडताना मास्क लावा. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. गॅरेजमध्ये सवयीने कॉम्प्रेसरची हवा मारून धूळ उडवतात, ते करू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. आणि गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विश्वास नको, स्टँड लावलाच पाहिजे.

टायरला नक्षी असेल, पण वय बघा. बाजूवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३०९ म्हणजे २००९ चा तेविसावा आठवडा. असा टायर कितीही छान दिसला तरी गाडी फक्त हलवण्यापुरता.

त्यानंतर पाणी. रेडिएटर, होज, थर्मोस्टॅट, फॅन बेल्ट. नळाचं पाणी भरून वर्षानुवर्षं चालवलेल्या इंजिनात गंज आणि क्षार साचलेले असतात, ते धुऊन काढून कूलंट भरा. टिटवाळ्यात याची परीक्षा अंगारकीला होते. मंदिराच्या रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये अर्धा तास सरकताना काटा मध्यावर राहिला, तर काम नीट झालंय.

एवढं झाल्यावर ताजं ऑइल, नवी बॅटरी, साफ केलेले पॉइंट, नवा कंडेन्सर, आणि मग सेल्फ.

पेट्रोल बदललंय, गाडी तीच आहे

या गाड्यांना पेट्रोलने आजवर दोन धक्के दिले. पहिला २००० मध्ये, देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं तेव्हा. दुसरा आत्ताचा: ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल.

हिशोब साधा आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला सुमारे ९ किलो. ई-२० चा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला थोडं जास्त इंधन हवं. नव्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरच्या जेटचं भोक मात्र जेवढं होतं तेवढंच राहतं. मिश्रण पातळ होतं, मिस्त्रींच्या भाषेत गाडी "लीन" चालते. पिकअपला अडखळते, जास्त तापते.

उपाय आवाक्यातला आहे. प्लग काढून रंग बघा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढराफटक म्हणजे लीन, काजळी धरलेला म्हणजे पेट्रोल जास्त. लीन असेल तर मिस्त्रीच्या मदतीने जेट एक नंबर मोठा करून बघा. पेट्रोलचे जुने रबरी पाइप इथेनॉल चालणाऱ्या नव्या पाइपने बदला, कारण इथेनॉल जुन्या रबराला मऊ करतं, चिरा पाडतं. तापलेल्या इंजिनवर पेट्रोल ठिबकणं म्हणजे काय हे सांगायला नको.

इथेनॉलही पाणी ओढतं. म्हणून पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवा.

पत्रा: इथे मन घट्ट करायचं

पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तिची बॉडी हीच चासी. म्हणजे फ्लोअर, दाराखालच्या पट्ट्या, कमानपाटे आणि सस्पेन्शन जिथे बसतात त्या जागा, हे सगळं मिळून गाडीचा सांगाडा. दाराच्या तळाला गंज असेल तर दिसायला वाईट. सस्पेन्शनच्या जागी गंज असेल तर गाडी चालवूच नये.

तपासायला फ्रिजवरचा चुंबक पुरे. पातळ कपड्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे आत लांबी भरलेली आहे. थोडी लांबी सगळीकडेच असते. पण दाराखालच्या पट्टीवर हातभर चुंबक चिकटत नसेल, तर खाली पत्रा उरलाय की नुसती लांबीच गाडी धरून आहे, हे खोदून बघावं लागेल. आतलं कार्पेट उचला, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणक आवाज आला तर बरं. भुसभुशीत आवाज आला तर पत्रा कापून नवा वेल्ड करायचा, वरून डांबर फासून झाकायचं नाही.

रंगाचं काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. आपल्याकडे आषाढात भिंतींना शेवाळ धरतं, त्या दमट हवेत मारलेला रंग पांढरट, धुरकट होतो आणि त्याखाली अडकलेला ओलावा पुढच्या वर्षी फुगे काढतो. म्हणून "गणपतीच्या आधी देतो" म्हणणाऱ्या पेंटरला नम्रपणे नमस्कार करा.

कागद: पंधरा आणि पन्नासच्या मधली गाडी

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. फॉर्म २५. १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीचं नूतनीकरण शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या गाडीसाठी ते १०,००० झालं. पर्यावरण कर वेगळा, उशिराचं जादा शुल्क वेगळं. इतकी वर्षं लोटली असतील तर गाडीला हात लावण्याआधी आरटीओत जाऊन एकूण आकडा काढा.

मालक हयात नसेल तर गाडी आधी वारसाच्या नावावर व्हायला हवी, फॉर्म ३१. नियमाप्रमाणे ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा. बहुतेक घरांत दुःखाच्या त्या दिवसांत हे कुणाला सुचत नाही, त्यामुळे उशीर झालेला असतोच. अर्ज तरीही करता येतो. एमएचच्या आधीचा जुना तीन अक्षरी नंबर असेल तर तो वाहन प्रणालीत चढलाय का ते तपासा. नसेल तर आधी बॅकलॉग नोंद, मग बाकी सगळं. विमा, पीयूसी आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट ही पुढची पायरी. पीयूसीची फार भीती नको. या वयाच्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, नीट ट्यून केलेली पद्मिनी त्यात बसते.

"महाराष्ट्रात १५ वर्षांची गाडी चालवायला बंदी आहे ना?" हा प्रश्न दर आठवड्याला येतो. दहा वर्षं डिझेल, पंधरा वर्षं पेट्रोल हा नियम दिल्ली आणि राजधानी परिसराचा. आपल्याकडे नोंदणी नूतनीकरण झालं आणि गाडी तपासणीत पास झाली तर ती चालवता येते.

मग व्हिंटेजचं काय? जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ५० वर्षांपुढची, मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात "व्हीए" ही अक्षरं. पण अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर. जागतिक पातळीवर फिवा ही संस्था ३० वर्षांपुढच्या, नीट जपलेल्या गाडीला ऐतिहासिक मानते. आपल्या कायद्यात मात्र पंधराव्या वर्षी गाडी जुनी होते आणि पन्नासाव्या वर्षी वारसा होते. मधल्या पस्तीस वर्षांत तिला कुणी वाली नाही. त्या पस्तीस वर्षांत जी गाडी घरच्यांनी सांभाळली, तीच पुढे वारसा म्हणून उरते. ताईंची १९८८ ची गाडी २०३८ मध्ये पन्नाशी गाठेल. तोपर्यंतची जबाबदारी घरच्यांचीच.

मग ताईंनी काय करावं?

तीन तपासण्या, याच क्रमाने. आरसी बुक सापडतंय का आणि आरटीओचा आकडा झेपतोय का. सस्पेन्शनच्या जागचा पत्रा शाबूत आहे का. इंजिन हाताने फिरतंय का. पहिल्या दोन्हींचं उत्तर "हो" असेल तर गाडी ठेवण्यासारखी आहे. इंजिन अडकलेलं असलं तरी त्यावर इलाज आहे. कागद आणि सांगाडा दोन्ही गेले असतील, तर मोह सोडा.

सोडायची ठरली तरी रोख घेऊन भंगारवाल्याला देऊ नका. नोंदणी रद्द झाली नाही तर कागदावर गाडी तुमच्याच घराची राहते, आणि तिचं पुढे काही झालं तर नोटीस तुमच्या पत्त्यावर येते. अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रातून प्रमाणपत्र घ्या, आरटीओत नोंदणी रद्द करून घ्या. जाण्याआधी स्टिअरिंग, नावाचा बिल्ला, किल्ली, हवं ते काढून ठेवा.

ठेवायची ठरली तर दिवाळीआधी एवढंच करायचं: गाडी चारही चाकांवर मोकळी फिरती करून छप्पर असलेल्या जागी हलवायची. ब्रेक नसताना टोचन लावून ओढायची नाही, फ्लॅटबेडवरच न्यायची. भिवंडीकडे, टिटवाळा-गोवेली बाजूला शेडमध्ये महिन्याच्या भाड्याने जागा मिळतात. पेंटरला "पुढच्या वर्षी बघू" म्हणायचं. आईला गाडीत बसवून चक्कर मारणं हे पहिलं ध्येय, रंग त्याच्या कितीतरी नंतर.

चालती गाडी चालतीच ठेवायची

ज्यांची गाडी चालू आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. जागेवर सेल्फ मारून पाच मिनिटं चालू ठेवणं म्हणजे काळजी घेणं असं अनेकांना वाटतं. इंजिन पूर्ण तापत नाही, जळताना तयार झालेलं पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्येच राहतं, आणि दोन्ही आतून खराब होतात. दोन आठवड्यांतून एकदा पंधरा-वीस किलोमीटर चालवा. आम्ही टिटवाळ्याहून गोवेलीमार्गे मुरबाड रस्त्याला जातो, चहा पितो, परत येतो. ब्रेक, क्लच, डायनॅमो, सगळ्यांचा व्यायाम होतो.

प्लॅस्टिकचं कव्हर नको, आत घाम धरतं. सुती कव्हर, वर छप्पर. आणि पावसाळ्यात उंदीर वायरिंग कुरतडतात, म्हणून बॉनेट दर आठवड्याला उघडून बघा.

पार्टसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजार अजून पायाखाली घालण्यासारखे आहेत. जुना भाग काढून सोबत न्या, फोटोवर जाऊ नका. डिलाइट आणि पद्मिनीचं मूळ इटलीतली ११०० डी, त्यामुळे काही रबर आणि गॅस्केट युरोपातल्या जुन्या फियाटच्या विक्रेत्यांकडेही जुळतात.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात निकडीचं. पार्ट लेथवर बनवून घेता येतो. कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवून, कान देऊन, "आता बसली" म्हणणारा मिस्त्री बनवून मिळत नाही. टॅक्सी गेल्यावर त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी काम बदललं, काही गावी गेले. तुमच्या गाडीला हात लावणाऱ्या मिस्त्रींना विचारून, त्यांची हरकत नसेल तर, काम करताना व्हिडिओ काढा. काय ऐकताय, काय बघताय, ते त्यांच्याच शब्दांत बोलायला सांगा. गाडीसाठी एक शंभर पानी वही ठेवा: तारीख, किलोमीटर, काय बदललं, कुठून आणलं, कुणी बसवलं. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला डॉक्युमेंटेशन म्हणतो आणि सहसा करत नाही. गाडीसाठी करा. वीस वर्षांनी तुमच्या पोरांना गाडीसोबत ती वहीही मिळेल.

तुमच्याकडे अशी गाडी असेल, किंवा ऐंशी-नव्वदच्या दशकात पद्मिनीवर काम केलेले एखादे मिस्त्रीकाका तुमच्या ओळखीचे असतील, तर कळवा. त्यांना वेळ असेल तर पुढचा भाग त्यांच्याच गॅरेजमध्ये रेकॉर्ड करू. तोपर्यंत, ब्रेक तपासा. भेटू पुढच्या भागात.